‘पान लागणे’ : सर्पवाचक शब्दांच्या इतिहासातील एक मौन

मराठी समीक्षेत सापाची प्रतिमा दिसली की आदिबंध, कुंडलिनी किंवा कामप्रेरणा यांपैकी एक चौकट बहुधा तयारच असते. प्रतिमेचा अर्थ लावण्याच्या या घाईत त्या शब्दाचा स्वतःचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो.

‘सर्प’ हे मुळात नाव नव्हेच. ‘सृप्’ म्हणजे सरपटणे. त्यावरून ‘सर्प’, प्राकृतात ‘सप्प’ आणि द्वित्त सुटून आधीचा स्वर दीर्घ झाल्यावर मराठीत ‘साप’. लॅटिनमधील ‘सर्पेन्स’ही याच कुळातला. प्राण्याचे जुने नाव ‘अहि’; अवेस्तातील ‘अझि’ त्याचा सगोत्र. बोलण्यातून ते नाव गेले आणि सरपटण्याच्या वर्णनाने त्याची जागा घेतली. यामागे नामनिषेध असावा, असा तर्क करावासा वाटतो. कारण पुढे ‘साप’ हा शब्दही याच वाटेने गेलेला दिसतो.

बुलढाणा जिल्ह्याची बोली एकजिनसी नाही. शेगाव, नांदुऱ्याच्या सपाटीवर वऱ्हाडी, मलकापूरकडे लेवा बोलीचा शेजार, तर सिंदखेडराजाकडे मराठवाड्याची छाया. पण रात्री ‘साप’ म्हणू नये, हा संकेत या बोलीभेदांना जुमानत नाही. ‘जनावर’, ‘लांबडं’, ‘किरडू’, ‘जिवाणू’ असे पर्यायी शब्द ग्रामीण मराठीत आहेत. आणि दंश झाला तर ‘पान लागलं’. या प्रयोगाचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. ‘साप चावला’ या वाक्यात साप हा कर्ता असतो, त्याच्याकडे हेतू येतो, वैरही येते. ‘लागणे’ हे क्रियापद ठेच लागावी, दृष्ट लागावी तसे येते. व्याकरणदृष्ट्या कर्ता ‘पान’ आहे, पण पानाला हेतू नसतो. गवतातून जाताना पायाला काही लागले, एवढेच. कपाशीच्या रानात पहाटे उतरणाऱ्या माणसाने मृत्यूला वाक्यातल्या कर्तेपदावरून हटवले आहे. याला निव्वळ सौम्योक्ती म्हणणे अपुरे होईल.

याउलट नागपंचमीला नाव घ्यावेच लागते, आणि ‘नागोबा’ असे आदराने. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचे-कापायचे नाही; बायका नागाला भाऊ मानतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) वारुळाचा संबंध भूमीच्या सर्जनशक्तीशी जोडला. तो मान्य केला तरी प्रश्न उरतो : एरवी ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याला वर्षातून एकदा आवाहन का? माझ्या मते मौन आणि आवाहन ही एकाच श्रद्धेची दोन टोके आहेत. नाव उच्चारले की नामी येतो.

ज्ञानेश्वरीत (१२९०) दोरीवर भासणारा साप येतो, तो वेदान्ताच्या परंपरेतून. तिथे तो शब्द निर्धास्तपणे उच्चारता येतो, कारण तो साप नाहीच, हेच सिद्ध करायचे असते. शेतातल्या माणसाला ही सोय नाही. त्याचा साप खरा असतो आणि दोर होतो तो फक्त शब्द. ग्रंथातला आणि रानातला साप एकाच ‘प्रतीक’ या सदरात टाकणाऱ्या समीक्षेला हा फरक दिसत नाही.

‘जिवाणू’ या शब्दाचे पुढे काय झाले, हेही नोंदवावे. विज्ञानाच्या परिभाषेत हाच शब्द सूक्ष्मजंतूंसाठी रूढ झाला. आज त्याच घरात नातू पुस्तकातला ‘जिवाणू’ पाठ करतो, आणि आजी तो शब्द ऐकून दाराकडे बघते.