पुणे मेट्रो : नियोजन व विस्तार

पुणे व पिंपरी-चिंचवड या जोडशहरांतील जलद लोहमार्ग वाहतूक व्यवस्था. मार्गिकेच्या लांबीपेक्षा मार्गिकांची जोडणी महत्त्वाची असते, हे तिच्या वाटचालीतून स्पष्ट दिसते. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी आणि वनाझ ते गरवारे महाविद्यालय असे दोन सुटे तुकडे सुरू झाले. ते एकमेकांना कोठेच मिळत नसल्याने रोजच्या नोकरदाराला त्यांचा उपयोग मर्यादित होता. १ ऑगस्ट २०२३ रोजी दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकत्र आल्या आणि प्रवासी संख्या झपाट्याने वाढली. २०२४ मध्ये रामवाडी आणि स्वारगेट ही टोके गाठली गेली. स्वारगेटला एसटी व पीएमपी या शहर बससेवेची स्थानके शेजारीच असल्याने त्या टोकाचे मोल विशेष आहे.

मेट्रोवरच्या एवढ्या खर्चात बसगाड्या वाढवाव्यात, हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मात्र २००६ मध्ये कात्रज-हडपसर मार्गावर आलेली बीआरटी (जलद बस वाहतूक) अखंड राखीव मार्गिकेअभावी दुबळी राहिली; बसलाही रस्त्यावरची हक्काची जागा लागतेच. शिवाय मेट्रो स्थानकापर्यंत पोहोचवणारी बस नसेल, तर प्रवासी दुचाकीच काढतो. त्यामुळे दोन्हींचे नियोजन एकत्रच व्हायला हवे. असे नियोजन उशिरा झाल्याची किंमत पुणे विद्यापीठ चौकात दिसली: हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो मार्गिकेसाठी तेथील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला.