सरकी, पेंड आणि तळ्यातला मासा
खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वे आली ती कापसासाठी. कापसामागे सरकी, सरकीमागे पेंड. ती मुळात गुरांची. पण देशभर तळ्यातल्या रोहू-कटल्यालाही पेंड-कोंडाच घालायची रीत पडली. ओल लागली की पेंडीवर हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या यकृतात गाठी झाल्या, तेव्हा बोट सरकीच्या पेंडीकडेच गेले. आपले मासे ट्राउटइतके नाजूक नाहीत, हा आक्षेप खरा. पण न मरणाऱ्या माशाचीही वाढ खुंटते. पेंड उकळावी म्हटले, तर बुरशी मरते, विष उरते. म्हणून मला दोष पेंडीचा वाटत नाही, पावसाळ्यात ओल्या फरशीवर लावलेल्या गोण्यांच्या थप्पीचा वाटतो. तळची गोणी उचलावी, तर आत ढेकळे एकमेकांना चिकटलेली.