प्रकाश हवा, पण जमिनीवर

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्यांमधून लेसर किरण सोडून ती सूक्ष्म लहरी टिपणार असल्याने तिला स्वतःला काळोखाची गरज नाही. तिच्या संकेताचा मागोवा घेणाऱ्या दुर्बिणींना मात्र ती आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी प्रथमच टिपल्या गेल्या आणि काही तासांतच दुर्बिणींनी त्या घटनेचा प्रकाश शोधला. असा शोध घेणारी एक भारतीय दुर्बीण लडाखमधील हानले येथे आहे. तेथील परिसर २०२२ मध्ये 'गडद आकाश राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर झाला.

प्रकाश प्रदूषण म्हणजे दिव्यांची संख्या नव्हे, तर वाया जाणारा प्रकाश. उघड्या दिव्याचा काही उजेड रस्त्यावर न पडता थेट आकाशात जातो. त्यावरील वीज फुकट खर्च होते. निळसर पांढरा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. त्यामुळे वीज वाचवणारे एलईडी दिवेही चुकीच्या पद्धतीने बसवल्यास आकाश अधिक उजळते. पतंग, वटवाघळे, स्थलांतर करणारे पक्षी आणि माणसाची झोप यांवरही त्याचा परिणाम होतो.

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव वा वायुरूप पदार्थ. प्रकाश या व्याख्येत बसत नाही. ध्वनीसाठी २००० साली स्वतंत्र नियम झाले. प्रकाशाबाबत तसे देशव्यापी नियम नाहीत. स्लोव्हेनियाने मात्र २००७ मध्येच नियम करून क्षितिजाच्या वर प्रकाश टाकणाऱ्या दिव्यांना आळा घातला.

उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' हे मानांकन मिळाले. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांच्या परिसरातील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. गावे अंधारात गेली नाहीत.

हिंगोलीत वेधशाळेबरोबर रस्ते, वसाहती आणि दुकाने येतील. दिव्यांवर झाकण, पिवळसर रंगछटा, गरजेपुरती तीव्रता आणि मध्यरात्रीनंतर जाहिरातफलक बंद, या चार अटी खरेदीच्या निविदेतच घालता येतात. खांब उभे राहिल्यावर ते बदलण्याचा खर्च जास्त पडतो. आज तो केवळ नियमाच्या एका ओळीचा आहे. विश्वाचा कानोसा घेणाऱ्या जिल्ह्यातील मुलांना आकाशगंगा दिसणार की नाही, हे त्या ओळीवर अवलंबून राहील.