छत कोण उचलणार? पिकअपवरच्या घडीच्या घराची आणि उतारवयातल्या खरेदीदाराची गोष्ट

#धागा

१/
२३ सप्टेंबर १९६०. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील सॅग हार्बर गावातून एक हिरवा जीएमसी पिकअप ट्रक निघाला. चालवणारा गृहस्थ ५८ वर्षांचा, शेजारच्या आसनावर चार्ली नावाचा पूडल कुत्रा आणि मागे ट्रकच्या हौद्यात बसवलेली एक छोटी खोली. गृहस्थाचे नाव जॉन स्टाइनबेक. आदल्या वर्षाच्या अखेरीस त्याला मेंदूचा सौम्य झटका येऊन गेला होता. अशा माणसाने एकट्याने दहा हजार मैलांच्या वाटेला लागावे, याची घरच्यांना काळजी वाटत होती आणि ती रास्त होती.

२/
डॉन किहोटेच्या मरतुकड्या घोड्यावरून स्टाइनबेकने या वाहनाला 'रोसिनान्ते' हे नाव दिले. वुल्व्हरीन नावाच्या कंपनीने बांधलेल्या त्या खोलीत दोघांपुरता बिछाना, चार शेगड्यांची चूल, हीटर, गॅसवर चालणारा फ्रिज, कपाटे आणि रासायनिक संडासही होता. १९६२ साली या प्रवासाचे पुस्तक आले, त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि ट्रकच्या पाठीवर घर घेऊन फिरणारा प्रौढ माणूस ही प्रतिमा अमेरिकन मनात कायमची ठसली. या कथेत एक तपशील सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. रोसिनान्तेचे छत पक्के होते. मुक्कामाला पोहोचल्यावर स्टाइनबेकला दार उघडून आत शिरण्यापलीकडे काही करावे लागत नसे.

३/
आजचा धागा आहे तो याच घराण्यातल्या दुसऱ्या शाखेचा : ज्याचे छत प्रवासात खाली बसते आणि मुक्कामाला वर उचलले जाते, तो 'पॉप-अप' ट्रक कॅम्पर. अमेरिकेत साठी ओलांडलेली अनेक माणसे आज असा कॅम्पर घेऊ पाहतात. कोणता घ्यावा, याची उत्तरे सहसा किंमत, कंपनी आणि सोयींच्या तक्त्यात शोधली जातात. माझ्या मते खरे उत्तर या वस्तूच्या जन्मकथेत आहे, कारण पॉप-अप कॅम्परच्या साऱ्या इतिहासाचा आस एकच आहे : छत कोण उचलणार?

४/
ही जन्मकथा सुरू होते एका रस्त्यापासून. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अलास्का जपानच्या टप्प्यात असल्याची जाणीव वॉशिंग्टनला झाली. १९४२ च्या मार्चमध्ये अमेरिकी लष्कराने कॅनडातील डॉसन क्रीकपासून अलास्कापर्यंत सुमारे १७०० मैलांचा रस्ता खोदायला घेतला आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्याआत दोन्ही टोके जोडली. राबणाऱ्या सैनिकांत सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय तुकड्यांतले होते, हे बराच काळ सांगितलेच गेले नाही. १९४८ मध्ये रस्ता सर्वसामान्यांना खुला झाला. खडी, धूळ, चिखल, दऱ्यांतून येणारा आडवा वारा आणि शेकडो मैल वस्ती नाही. अशा वाटेवर ट्रकवर उंच खोली लादून जाणे म्हणजे शीड उभारून घाट चढणे.

५/
१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील आर. डी. हॉल यांनी याला जो तोडगा काढला, तो आजही थक्क करतो. त्यांनी खोलीचे आडवे दोन भाग केले. डब्यावर झाकण बसावे तसा वरचा अर्धा भाग प्रवासात खालच्या भागावर उतरून बसे. मुक्कामाला पंपाचा दांडा मारला की तेलाच्या दाबाने चारी कोपरे वर सरकत. भिंती वर-खाली दोन्हीकडे टणक, कापडाचा लवलेश नाही. या कॅम्परला नाव मिळाले 'अलास्कन'. लक्षात घ्यावे ते असे की, घडीच्या कॅम्परच्या या आरंभीच्या रूपातच छताचा भार माणसाच्या खांद्यावर टाकलेला नव्हता. तो यंत्राकडे होता. यंत्र जड होते, महाग होते. पण दांडा मारायला तरणेबांड असण्याची गरज नव्हती.

६/
दुसरी शाखा हलकेपणाच्या ओढीने फुटली. १९७० च्या दशकात चारही चाकांना जोर मिळणारे लहान ट्रक लोकांच्या हाती आले आणि डोंगरातल्या, वाळवंटातल्या कच्च्या वाटा खुणावू लागल्या. १९७२ मध्ये कोलोरॅडोत 'फोर व्हील कॅम्पर्स' ही कंपनी सुरू झाली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर हलके छत आणि छत उचलले की भोवती ताणली जाणारी कापडी कनात. वजन निम्म्याहून कमी झाले. बदल्यात पंप गेला. बाहेरून खिट्या काढायच्या, वाकून आत शिरायचे आणि पुढची व मागची बिजागरीची फळी हाताने, प्रसंगी पाठीने, वर रेटायची. पुढची फळी रेटण्यासाठी बिछान्यावर गुडघे टेकावे लागत. तिशीतल्या गिर्यारोहकाला यात काहीच वावगे वाटले नसणार. त्याच्यासाठीच तर ती वस्तू घडवली होती.

७/
पण रस्त्यावर येणारा माणूस बदलत होता. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकेत निवृत्तिवेतनाची पायाभरणी केली. कमी रकमेवर का होईना, ६२ व्या वर्षी ते घेण्याची मुभा १९५६ मध्ये स्त्रियांना आणि १९६१ मध्ये पुरुषांना मिळाली. १९५६ सालीच ४१ हजार मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. एकीकडे नोकरीतून मोकळी, हातीपायी धड असलेली माणसे. दुसरीकडे किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत रस्ता. आपल्याकडे वानप्रस्थ शास्त्रात होता. तिकडे तो दोन कायद्यांनी आणि एका पेट्रोल टाकीने शक्य केला.

हे धोरण अजून चालू आहे. ६२ पूर्ण केलेल्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात परवाना मिळतो. २०१७ पर्यंत तो दहा डॉलरला होता, तेव्हापासून ८० डॉलरला आहे. अनेक सरकारी तळांवर मुक्कामाचे शुल्कही त्यावर निम्मे होते. मुलांकडे जाऊन ग्रीन कार्डावर स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांनाही तो लागू आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

८/
आता पेच पाहा. माणूस म्हाताऱ्याकडे झुकला आणि ट्रक मात्र उंच होत गेला. आजचे पिकअप स्टाइनबेकच्या काळातल्या ट्रकहून खूपच उंच आहेत. चारचाकी जोराच्या ट्रकचा हौदा सहज कंबरेपर्यंत येतो आणि कॅम्परची जमीन त्याच्याही वर असते. म्हणजे घरात शिरण्याआधीच एक छोटी चढाई. पाय ठेवायला मागे लोंबणारी लोखंडी शिडी, अनेकदा धरायला कठडा नाही, वर दार बाहेर उघडणारे. पावसात हातात पिशवी घेऊन या शिडीवरून उतरणे हा दुकानाच्या कोरड्या फरशीवर न येणारा अनुभव आहे. दोन्ही बाजूंना हाताला धरायला दांडे आणि पायाखाली रुंद, पक्की पायरी यांवर केलेला खर्च चैनीत मोजू नये.

९/
दुसरा पेच वजनाचा. ट्रकवर कॅम्पर लादल्यामुळे होणारे अपघात लक्षात घेऊन १९७० च्या दशकात अमेरिकी सुरक्षा नियमांनी कॅम्परचे वजन आणि त्याचा गुरुत्वमध्य लिहून देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. आज ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते. त्या विशिष्ट गाडीत माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल, तो आकडा तिथे छापलेला असतो. जाहिरातीतला आकडा विसरावा, पट्टीवरचा वाचावा.

हिशेब करून पाहू. पट्टीवर ६८० किलो आहे असे धरा. कॅम्पर रिकामा ५०० किलो. ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. दोन माणसे १५० किलो. बॅटरी, गॅस, भांडीकुंडी, कपडे, औषधांचा डबा मिळून ९० किलो. बेरीज ८१५. हलका म्हणून घेतलेला कॅम्परही १३५ किलोंनी ट्रकला जड झाला. म्हणून आधी कॅम्पर पसंत करावा, मग त्याला पेलणारा ट्रक. बहुतेकजण उलटे करतात, कारण ट्रक आधीच दारात उभा असतो.

१०/
तिसरी गोष्ट बिछान्याची, आणि इथे थोडे थांबावेसे वाटते. कारण तरुणांनी लिहिलेल्या माहितीपत्रकांत हिचा उल्लेख नसतो. बिछाना ट्रकच्या टपावर पुढे झुकलेल्या भागात असतो. तिथे बसता येईल इतकीच उंची, पुष्कळदा तेवढीही नाही. जोडपे गाडीच्या रुंदीत आडवे झोपणार असेल, तर पुढच्या काचेकडे झोपणाऱ्याला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावे लागते. लांबीत झोपण्याची रचना असेल तर दोघेही पायाकडून सरकत खाली येऊ शकतात. साठीनंतर माणूस रात्री दोनदा तरी उठतो, आणि ज्याला उठवले जाते तोही जागाच राहतो. या एका प्रश्नाने कित्येक प्रवास लवकर संपले असतील.

मग उतरून जायचे कुठे? अनेक पॉप-अपमध्ये संडासाची स्वतंत्र खोली नसते. बाकाखालून ओढून काढायची पेटी असते. ती वापरायला गुडघे किती वाकतात, याचा विचार खरेदीआधीच व्हावा. संकोच वाटत असेल तर स्टाइनबेकची यादी आठवावी. त्याने रासायनिक संडास आपल्या खोलीच्या सोयींत उघडपणे मोजला होता.

११/
आता मूळ प्रश्नाकडे. छत उचलण्याचे आज तीन मार्ग आहेत. निव्वळ हाताचा जोर; त्याला मोटारीच्या डिकीचे झाकण तोलणाऱ्या दांड्यांसारखे गॅसच्या दांड्यांचे साहाय्य; किंवा विजेची मोटर. दुकानात रिकामे छत एका झटक्यात वर जाते आणि विक्रेता हसतो. पुढे त्याच छतावर सौर पट्ट्या येतात, सामानाचा कठडा येतो, एखाद्या पहाटे चार बोटे बर्फ येते. तेव्हाचे वजन मनात धरून निवड करावी. छत खाली ओढणेही विसरू नये. वर रेटण्यापेक्षा ते खांद्याला अधिक जाचते, आणि कनात आत दुमडत असताना हात डोक्यावर ठेवून ओढावे लागते.

माझे मत स्पष्ट आहे : खांदा, पाठ वा हृदय यांपैकी एकाची जरी तक्रार असेल, तर मोटरचे छत घ्यावे, पण वीज गेल्यास हाताने फिरवायचे हँडल त्याला आहे ना, आणि ते कुठे लागते, हे पाहूनच. आणि जोडप्याने एक परीक्षा जरूर द्यावी. दोघांपैकी जो अशक्त आहे त्याने, एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय, लागोपाठ तीनदा छत वर-खाली करावे. एकजण आजारी पडल्यास निघण्याची पाळी दुसऱ्यावर येते, आणि छत खाली बसल्याशिवाय गाडी हलत नाही.

१२/
इतके सारे असताना पॉप-अप घ्यावाच का? कारण हॉल यांना छळणारा वारा अजून तसाच वाहतो. खाली बसलेले छत आडव्या झोताला कमी अंग देते, वळणावर गाडी कमी डोलते, झाडाच्या फांद्या अंगावर येत नाहीत. उतारवयात दृष्टी आणि प्रतिक्षिप्त हालचाल मंदावते. अशा वेळी शांतपणे चालणारी बुटकी गाडी ही मोठी सुरक्षितता आहे. म्हणजे जे वाहन चालवताना वृद्धाला अनुकूल, तेच मुक्कामाला प्रतिकूल. कापडी कनातीतून थंडी येते, आत श्वासांचे दव धरते आणि पावसात आवरलेले छत कोरडे करायला पुन्हा उघडावे लागते. दिवसाचे तास जास्त की रात्रीचे, हा ज्याचा त्याने करायचा हिशेब आहे. रोज नव्या गावी मुक्काम करणाऱ्याने मला विचारले तर मी त्याला पक्क्या छताकडे वळवीन. एका जागी आठवडाभर राहणाऱ्याला पॉप-अप सुचवीन.

१३/
स्टाइनबेकच्या प्रवासाला एक उत्तरकथा आहे. पन्नास वर्षांनी त्याचा मार्ग तपासणाऱ्यांना आढळले की पुस्तकातून भासते तितक्या रात्री तो एकटा कॅम्परमध्ये झोपलाच नव्हता. बऱ्याच रात्री हॉटेलांत आणि मोटेलांत गेल्या. वाटेत काही काळ पत्नी एलेनही सोबत होती. यावर लबाडीचा शिक्का मारणारे मारोत. मला त्यात ५८ वर्षांचे, दुखण्यातून उठलेले शरीर दिसते. कॅम्पर घेणाऱ्याने आपल्या अंदाजपत्रकात आठवड्याला एक-दोन मोटेलच्या रात्री धरल्या, तर त्याला फार मोठा पूर्वसूरी लाभलेला आहे.

१४/
आणि गाडी चालवणेच थांबले तर? जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये 'एस्केपीज' नावाचा फिरत्या घरांतल्या लोकांचा संघ सुरू केला. त्या संघाच्या वाटचालीतून टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी वृद्ध सभासदांसाठी एक केंद्र उभे राहिले. तिथे माणूस आपले चाकांवरचे घर आणून उभे करतो आणि त्यातच राहतो; जेवण आणि दवाखान्यात नेणे-आणणे केंद्र पाहते. शेजारी तळ ठोकणारे लोक अजून फिरतीवर असतात, ते येतात आणि जातात.

१५/
रोसिनान्ते आज कॅलिफोर्नियातील सालिनास येथे, स्टाइनबेकच्या जन्मगावी, त्याच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे. त्या बाजूला जाणे झाले तर मागच्या दाराची उंची जरूर पाहून या आणि नंतर एखाद्या आजच्या ट्रकशेजारी उभे राहा. फोक्सवॅगनच्या व्हॅनवरचे उचलते छत आणि जर्मनीतील वेस्टफालिया कंपनी ही वेगळी कथा आहे. ती पुढच्या धाग्यात.