टर्मिनल सर्व्हरच्या दुखण्यांचा इतिहास

विंडोज घडली ती संगणकासमोर बसलेल्या एका माणसासाठी. एकाच विंडोजवर अनेकांनी एकाच वेळी काम करावे हा विचार नंतर आला, आणि प्रत्यक्षात आणला तो बाहेरच्या कंपनीने. आयबीएममध्ये ओएस/२ वर काम केलेल्या एड आयाकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स ही कंपनी काढली. मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीचा सोर्स कोड परवान्याने घेऊन सिट्रिक्सने १९९५ मध्ये विनफ्रेम बाजारात आणले. दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टने स्वतःच या क्षेत्रात उतरायचे ठरवले, सिट्रिक्सचा शेअर कोसळला, मग दोघांत करार झाला आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर एडिशन आली. पुढे ॲडमिन मंडळींच्या वाट्याला आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच होते: एकट्यासाठी बांधलेल्या घरात अनेकांचा संसार.

पहिली अडचण खुद्द प्रोग्रॅमचीच. त्या काळचे अनेक प्रोग्रॅम आपली सेटिंग विंडोजच्या फोल्डरमधल्या आयएनआय फाइलमध्ये लिहीत. ती फाइल सगळ्यांची सामाईक असल्यामुळे एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या पडद्यावर दिसे. टर्मिनल सर्व्हरने यावर तोड काढली. प्रोग्रॅम बसवण्यापूर्वी ॲडमिनने ‘चेंज युजर /इन्स्टॉल’ हा आदेश द्यायचा, काम झाले की ‘चेंज युजर /एक्झिक्यूट’. मधल्या वेळात आयएनआय फाइलमध्ये आणि रजिस्ट्रीत झालेल्या नोंदींची वेगळी प्रत ठेवली जाई आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला ती मिळे. हा आदेश विसरला, की प्रोग्रॅम ॲडमिनच्या खात्यात सुरळीत चाले आणि बाकीच्यांच्या खात्यात नाही. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर ऐकून कर्मचारी चिडत, पण त्या उत्तरातच दोषाचा पत्ता असे.

सर्वाधिक छळ मात्र प्रिंटरने केला. विंडोज २००० पासून वापरणाऱ्याच्या टेबलावरचा प्रिंटर सर्व्हरच्या सेशनमध्ये आपोआप दिसू लागला. त्यासाठी दोन्हीकडच्या ड्रायव्हरचे नाव अक्षरशः जुळावे लागे. एका शब्दाचा फरक पडला, तरी प्रिंटर यादीतून गायब होई आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११११ क्रमांकाची नोंद पडे. मग ‘एनटीप्रिंटसब्स’ नावाच्या फाइलमध्ये डावीकडे क्लायंटवरचे नाव, उजवीकडे सर्व्हरवरचे नाव अशा जोड्या ॲडमिनला हाताने लिहाव्या लागत. हे नुसते वेळखाऊ काम होते. खरा धोका ड्रायव्हरचा होता. एनटी ४.० चे ड्रायव्हर कर्नलमध्ये चालत, त्यामुळे एका स्वस्त प्रिंटरच्या सदोष ड्रायव्हरने निळा पडदा आला की सर्व्हरवरच्या प्रत्येकाचे काम बंद पडे. नंतरच्या ड्रायव्हरमुळे सर्व्हर वाचला, पण स्पूलर बंद पडून सगळ्यांची छपाई अडायची ती अडतच राहिली. विंडोज सर्व्हर २००८ मधल्या ‘इझी प्रिंट’ने हा गुंता बऱ्याच अंशी सोडवला. प्रिंटरचा खरा ड्रायव्हर आता फक्त वापरणाऱ्याच्या संगणकावर पुरे, सर्व्हरवर तो लागत नाही. वर्षानुवर्षे ॲडमिनने हाताने केलेली जुळवाजुळव त्यामुळे थांबली.

लायसन्सच्या तक्रारी तारखेवर येत. सर्व्हर २००३ मध्ये लायसन्स सर्व्हर नसतानाही १२० दिवस काम चाले, आणि लायसन्स सर्व्हर असला तर नव्या संगणकाला ९० दिवसांचे तात्पुरते लायसन्स मिळे. त्यामुळे चूक पहिल्या दिवशी होई आणि फळ तीन-चार महिन्यांनी मिळे. नेहमीची चूक अशी: खरेदी माणसागणिक लायसन्सची, सर्व्हरची मांडणी मात्र यंत्रागणिक. क्लायंटवरची नोंद बिघडली असेल, तर तिथल्या रजिस्ट्रीतली ‘एमएस लायसन्सिंग’ ही की काढून पुन्हा जोडणी करणे हा उपाय होता. व्हिस्टापासून मात्र ती पहिली जोडणी ॲडमिनच्या अधिकाराने करावी लागे, कारण साध्या खात्याला ती की नव्याने लिहिता येत नसे.

अडकलेले सेशन हे रोजचे दुखणे. खिडकी बंद केली म्हणजे लॉगआउट झाले, असा समज सर्वत्र होता. प्रत्यक्षात सेशन सर्व्हरवर जिवंत राही. व्यवस्थापनासाठी दोनच दूरस्थ जोडण्यांना मुभा असे, आणि अशी दोन विसरलेली सेशन खुद्द ॲडमिनलाच दाराबाहेर ठेवत. तेव्हा जोडणीच्या आदेशाला ‘/कन्सोल’ लावून तिसऱ्या वाटेने आत शिरायचे, किंवा दुसऱ्या यंत्रावरून ‘क्विन्स्टा’ने यादी पाहून ‘आरविन्स्टा’ने नेमके सेशन काढून टाकायचे. लॉगआउट होऊनही प्रोफाइल न सुटणे हा त्याचाच भाऊबंद. एखादा ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस रजिस्ट्रीला धरून बसे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘यूपीएच क्लीन’ हे वेगळे साधन दिले, आणि व्हिस्टापासून ते काम प्रणालीतच आले.

३२ बिटच्या सर्व्हरवर आणखी एक चकवा होता. मेमरी मोकळी, प्रोसेसर निवांत, तरी नवे लॉगिन होत नसे. कर्नलच्या वाट्याचा २ जीबीचा पत्ता-अवकाश संपलेला असे. अशा वेळी कोणी ‘/३जीबी’ हा स्विच लावला, तर तो वाटा १ जीबीवर येऊन दुखणे वाढे. ६४ बिटने हा प्रश्न मिटवला. सर्व्हर २००८ आर२ तर ६४ बिटमध्येच आला आणि त्यातच टर्मिनल सर्व्हिसेसचे नाव रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस झाले.

अलीकडच्या तक्रारी सुरक्षेतून येतात. मे २०१८ च्या अपडेटनंतर क्रेडएसएसपी या ओळख-पडताळणीच्या प्रोटोकॉलची त्रुटी दाखवत असंख्य जोडण्या नाकारल्या गेल्या, कारण एका टोकाला अपडेट होते आणि दुसऱ्या टोकाला नव्हते. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ ही त्रुटी उघड झाली. ती इतकी गंभीर होती, की मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीही पॅच काढला. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा न ठेवता गेटवेमार्फत ४४३ वरून जोडणी देण्याची सोय सर्व्हर २००८ पासूनच होती. ज्यांनी ती वापरली, त्यांचे सर्व्हर बाहेरून थेट होणाऱ्या या माऱ्यापासून दूर राहिले.