अक्रोडाच्या झाडाचे घरगुती उपयोग

अक्रोड म्हटलं की आपल्याला गरच आठवतो. कोकणात हे झाड नव्हतंच. वाळलेले अक्रोड मुंबईच्या दुकानातून यायचे. इथे इस्राएलात त्याला ‘एगोझ मेलेख’ म्हणतात, म्हणजे राज-अक्रोड.

पूर्वी या झाडाचा रंगासाठीही मोठा उपयोग होता. ओल्या फळावरची हिरवी साल हाताला लागली की काळपट तपकिरी डाग पडतो. साबणाने तो निघत नाही, वरची कातडी झडते तेव्हाच जातो. ही साल उकळून लोकर रंगवत. रंग बसायला तुरटीही लागत नाही. मिश्नातल्या शब्बाथच्या प्रकरणात रंगाच्या जिनसांमध्ये डाळिंबाच्या सालीशेजारी अक्रोडाचीही साल आहे! केसांनाही हा रंग लावत. पण ताजी साल डोक्याला चोळू नये, कातडी भाजल्यासारखी होते.

काश्मीर-पंजाबकडे झाडाची साल दातणासारखी चघळतात, तिला ‘दंदासा’ म्हणतात. दात साफ होतात, ओठही रंगतात. कवळीवाल्यांनी मात्र नाद सोडावा. पानं तुरट असतात. युरोपात त्यांच्या काढ्यात घामट पाय बुडवून बसत. साखरेच्या आजारावर हाच काढा प्या म्हणणारे भेटतील. त्यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.

गरात तेल भरपूर, म्हणून तो लवकर खवट होतो. फोडलेला अक्रोड हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. खवट वास आला तर सरळ टाकून द्या, हलव्यात घालून खपवू नका.