हरिपूरचे पेव ते घरातला फ्रिज : बंद पेटीचा इतिहास

१/ सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर वसले आहे. येथील हळद पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखालच्या पेवांत साठवली जात असे. अरुंद तोंडाचा, रुंद पोटाचा हा खड्डा भरून तोंड बंद केले की आत हवा खेळत नसे, कीड लागत नसे आणि हळद वर्षानुवर्षे टिकत असे.

२/ पेव उघडण्याला मात्र शिस्त होती. तोंड उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. बंद जागेतील प्राणवायू संपलेला असतो. बाहेरची हवा आत खेळेपर्यंत थांबणे भाग असे. माल टिकवणारी जागा उघडताना जिवावर बेतू शकते, हे त्या माणसांना ठाऊक होते. फ्रिजच्या इतिहासातही हाच धडा वारंवार आला आहे.

३/ पेव कोरड्या मालासाठी होते. दूध, दही, भाजी यांसाठी घरोघरी शिंकाळे, जाळीचे कपाट आणि ओले फडके एवढीच साधने होती. फ्रिजने त्यांची जागा घेतली. त्याचे तत्त्व सोपे आहे : नळीतील द्रव उकळताना आतली उष्णता शोषून वायू होतो, कॉम्प्रेसर तो दाबतो आणि मागच्या जाळीतून ती उष्णता बाहेर पडते. तोच वायू वर्षानुवर्षे फिरत राहतो.

४/ म्हणजे सारा भार नळी बंद राहण्यावर. ती फुटली तर? सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड हे विषारी वायू असत. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये अशा गळतीने एक कुटुंब दगावल्याची बातमी आइन्स्टाइन यांच्या वाचनात आली. त्यांनी लिओ झिलार्ड यांच्यासह हलते भाग नसलेल्या, गळती न होणाऱ्या फ्रिजची पेटंटे घेतली.

५/ बाजार मात्र दुसऱ्या उत्तराने जिंकला. १९३० मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थॉमस मिजली यांनी सभेसमोर नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच कृतीत सिद्ध झाले. हाच फ्रिऑन, अर्थात सीएफसी. फ्रिज निर्धास्तपणे स्वयंपाकघरात आला.

६/ दुसरा धोका दारात होता. जुन्या फ्रिजचे दार खटक्याने बंद होई आणि ते आतून उघडता येत नसे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुले गुदमरून मेली. पेवाचीच कथा, पण शिस्त सांगणारे कोणी नव्हते. अखेर १९५६ मध्ये अमेरिकेने कायदा केला : दार आतून ढकलून उघडता आलेच पाहिजे. चुंबकाच्या रबराचे दार त्यानंतर सर्वत्र रूढ झाले.

७/ त्याच सुमारास, १९५८ मध्ये, गोदरेजने भारतात फ्रिज बनवण्यास सुरुवात केली. कृष्णाकाठ या कथेत केवळ गिऱ्हाईक म्हणून नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर, कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

८/ पुढे त्याच उद्योगसमूहाचा कारखाना सातारा जिल्ह्यात कराडला उभा राहिला आणि तेथे सीलबंद कॉम्प्रेसर बनू लागले. अमेरिकेच्या कोपलँडशी भागीदारी झाल्यावर तो किर्लोस्कर कोपलँड म्हणून ओळखला गेला. मोटर, पंप आणि तेल एकाच पोलादी कवचात वेल्डिंगने बंद : फ्रिजचे हृदय म्हणजे हेच छोटे पेव.

९/ या हृदयालाही जपावे लागते. वीज जाऊन लगेच परतली तर नळीतील दाब समतोल होण्याआधीच मोटरीवर भार येतो. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात असे कित्येक कॉम्प्रेसर जळाले. म्हणून वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबून फ्रिज सुरू करावा किंवा तेवढा विलंब ठेवणारा स्टॅबिलायझर लावावा. अर्थिंग असलेले तिपिन सॉकेट आणि भिंतीपासून थोडे अंतरही आवश्यक.

१०/ घरातली सर्वांत नेहमीची चूक मात्र सुरीची. जुन्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याची भिंत म्हणजे वायूची नळी असलेला पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. बर्फ खरवडताना सुरीचे टोक त्यात घुसले की वायू निघून जातो. वीज बंद करून बर्फ आपोआप वितळू देणे, हा एकमेव सुरक्षित मार्ग.

११/ निघून गेलेला वायू जातो कोठे? १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवले की सीएफसी वातावरणाच्या वरच्या थरात पोचून ओझोन नष्ट करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जगासमोर आली. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २०१० पासून येथे सीएफसीचा वापर थांबला.

१२/ सीएफसीच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवतो. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. हवामानाला तो जवळजवळ निरुपद्रवी. मात्र स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वलनशील.

१३/ म्हणजे विषाकडून आगीकडे, अशी एक फेरी पूर्ण झाली. आर-६००ए चे प्रमाण सहसा काही दशक ग्रॅमच असते, म्हणून चालू फ्रिज सुरक्षित. परंतु त्याची नळी कापणे किंवा तिच्यावर ज्योत धरणे हे प्रशिक्षित कारागिराचेच काम. कोणता वायू आहे, हे फ्रिजच्या मागील किंवा आतील पट्टीवर लिहिलेले असते.

१४/ ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेले. घरे बुडाली, संसार चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या सामानाचे ढीग लागले. वेगवेगळ्या काळातल्या वस्तू एकाच ढिगात आल्या.

१५/ पुरात बुडालेला फ्रिज बाहेरून वाळला तरी सुरू करू नये. वायरिंग, रिले आणि भिंतीतील फोम यांत पाणी राहते. बॉडीत वीज उतरू शकते. पाणी घरात येण्याआधीच, हात कोरडे असताना, प्लग काढावा. पुराचे पाणी लागलेले अन्न टाकून द्यावे.

१६/ भंगारात खरा धोका सुरू होतो. तांबे मिळवण्यासाठी नळी पकडीने तोडली जाते, वायू उडून जातो, तेल मातीत मुरते. जुन्या फ्रिजच्या भिंतींतील फोमही सीएफसीने फुगवलेला असे. नळीपेक्षा अधिक सीएफसी त्या फोममध्ये असतो. तो फोडला वा जाळला की तेही हवेत. प्रथम श्वासात जाते ते तोडणाऱ्या कामगाराच्या.

१७/ २०११ च्या ई-कचरा नियमांपासून फ्रिज परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. २०२२ च्या नियमांनी ती अधिक काटेकोर केली. जुना फ्रिज कंपनीच्या योजनेत किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे अखंड द्यावा. तोवर तो अंगणात पडून राहणार असेल, तर दार काढून ठेवावे. निदान फळ्या आत ठेवून दार दोरीने पक्के बांधावे.

१८/ हरिपूरच्या पेवांत २००५ च्या महापुराचे पाणी शिरले. हळदीची फार मोठी हानी झाली आणि बहुतेक पेव वापरातून गेले. आता हळद आणि बेदाणा शीतगृहांत जातो. पेव उघडून थांबणाऱ्या माणसांची शिस्त मात्र जुनी झालेली नाही. अंगणातल्या बंद फ्रिजचे दार आज काढले, तर उद्या लपाछपी खेळणारे मूल त्यात अडकणार नाही.